सणाचं गाणं तिथीनं शोधावं

दहीहंडीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या तीन महिन्यांत कन्नडच्या बाजारपेठेत कोणती गाणी वाजणार, हे कन्नडला न जाताही सांगता येतं. गणपतीत लताबाईंच्या आवाजातली आरती, चार-दोन चित्रपटगीतं आणि विसर्जनाला त्यांचीच ठोक्यावर चढवलेली रूपं. नवरात्रात ‘जोगवा’ चित्रपटातलं भंडाऱ्याचं गाणं. दिवाळीत दुकानांपुढं तेच एक-दोन मुखडे. ही यादी चाळीसगावात तीच, सिल्लोडात तीच आणि पुण्यातही फारशी वेगळी नाही. त्यावरून दरवर्षी एक तक्रार ऐकू येते, की सणाची चांगली गाणी आता उरलीच नाहीत. तक्रारीमागचा वैताग खरा आहे, निष्कर्ष मात्र खोटा आहे, आणि तो खोटा ठरवायला कन्नडइतकी सोयीची जागा दुसरी नाही. औट्रम घाट उतरला की चाळीसगाव आणि खानदेश सुरू होतो. घाटाखालचं नागद तर कन्नड तालुक्यातच मोडतं. घाटावर मराठवाडा, दक्षिणेला वेरूळ-खुलताबाद, त्याच जिल्ह्यात पुढं एकनाथांचं पैठण, आणि गौताळ्याच्या जंगलाकडेनं बंजारा तांडे. भुलाबाई, कानबाई, देवीच्या आराध्यांची गाणी, गोंधळ, भारूड, मेरा, लेंगी असा सगळा ऐवज इथून दिवसभराच्या अंतरात आहे. तरी रस्त्यावर त्यातलं काहीच ऐकू येत नाही. माझं म्हणणं असं आहे की, ऐकण्याजोगं सणाचं गाणं गायकाच्या किंवा सणाच्या नावानं शोधलं तर हाती लागत नाही. कोणत्या तिथीचं, कोणत्या वेळचं, कोणी म्हणायचं, असं विचारत गेलं तरच ते सापडतं, कारण त्याची घडणच तशी आहे.

आधी यादी इतकी आखूड का झाली ते पाहू. 1979 साली राजदत्त यांचा ‘अष्टविनायक’ आला. अनिल-अरुण यांचं संगीत, गीतं शान्ता शेळके, जगदीश खेबूडकर, मधुसूदन कालेलकर अशा मातब्बरांची. गणपतीत वाजणारं आठ गणपतींच्या महिम्याचं गाणं या चित्रपटातलं, आणि दिवाळीत घरोघर लागणारं अनुराधा पौडवालांचं गाणंही याच चित्रपटातलं. एका चित्रपटानं मराठी माणसाचे दोन मोठे सण पंचेचाळीस वर्षं सांभाळले, हे कौतुकाचं की काळजीचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पुढच्या दशकात कॅसेट आली. रेकॉर्डच्या मानानं ती इतकी स्वस्त होती की, गावच्या मंडळालाही एक संच परवडू लागला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मूळ ध्वनिमुद्रणानंतर ठराविक काळानं, मानधन भरून, त्याच गाण्याची दुसऱ्या गायकाकडून आवृत्ती काढायची सोय होती. टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी तिचा भरपूर फायदा उठवला. नवं गाणं रचून खपेल की नाही याची जोखीम घेण्यापेक्षा खपलेलंच पुन्हा गाऊन घेणं सोपं होतं. त्यामुळं कॅसेटींची संख्या वाढली, गाण्यांची त्या मानानं वाढली नाही. मोबाईल आल्यावर या प्रवृत्तीला यंत्राची जोड मिळाली. ‘गणपतीची गाणी’ असं शोधलं की जे सर्वांत जास्त वेळा ऐकलं गेलंय तेच वर येतं, आणि वर आल्यामुळं आणखी ऐकलं जातं. सणाच्या नावानं शोध घेणं निष्फळ ठरतं ते यामुळंच.

दुसरी चाळणी डीजेची. तिच्याबद्दल बोललं जातं ते बहुतेक कानठळ्यांपुरतं. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हे 2000 सालचे नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतात. पण आवाजाची पातळी गाण्याची निवडही करते, इकडं कुणाचं लक्ष जात नाही. खालच्या पट्टीचे आवाज खूप मोठे झाले की ते वरच्या पट्टीचे आवाज झाकून टाकतात. हा कानाच्या आतल्या रचनेचा परिणाम आहे, त्याला आवडीनिवडीशी देणंघेणं नाही. शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळं, आणि स, त, क, च यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या कंपनांत असते. म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीतून पहिला बळी जातो तो शब्दांचा. उरतो ठोका आणि मुखड्याची चाल. ज्या गाण्याची गंमत शब्दांत आहे, सवाल-जबाबात आहे, कडव्यागणिक वाढत जाणाऱ्या गोष्टीत आहे, ते या भिंतीपुढं उभंच राहू शकत नाही. डीजेवाल्यानं ते लावलं तरी ते ऐकू येणार नाही. मराठी लोकगीतांचं बळ नेमकं शब्दांत आहे. तेव्हा रस्त्यावर ती दिसत नाहीत याचा अर्थ ती संपली असा काढणं बरोबर नाही. रस्ता त्यांना लायक उरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इथं कुणी म्हणेल, अहो, पुन्हा पुन्हा वाजणं हा तर सणाच्या गाण्याचा धर्मच आहे. आरती रोज तीच म्हणतात, तिचा कुठं कंटाळा येतो? हा आक्षेप चांगला आहे. रॉबर्ट झायॉन्त्स या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये दाखवलं होतं की, एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॅनियल बर्लाइननं या आवडीला वळण असतं अशी मांडणी केली: परिचय वाढतो तशी आवड चढते, एका शिखराला पोचते आणि मग उतरू लागते; रचना जितकी साधी तितकं शिखर लवकर येतं. पाश्चात्त्य देशांत नाताळाच्या गाण्यांचं असंच होतं. बिंग क्रॉस्बीनं 1942 मध्ये गायलेलं आयर्विंग बर्लिनचं गाणं अजून दर डिसेंबरात वाजतं आणि मराया कॅरीचं 1994 चं गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोचायला 2019 साल उजाडावं लागलं. लोक त्यांना कंटाळतात आणि सोडतही नाहीत. तेव्हा पुनरावृत्ती हा गुन्हा नव्हे. आरतीचा वीट येत नाही, कारण ती आपण स्वतः म्हणतो, टाळ्या वाजवतो, कडवं विसरलं की शेजारच्याच्या तोंडाकडं बघतो, आणि पाच-दहा मिनिटांत प्रसाद घेऊन मोकळे होतो. तीच आरती सकाळी सातपासून कर्ण्यावरून ऐकली की दुपारी नकोशी होते. प्रश्न किती वेळा हा नाही. ती आवर्तनं कोण ठरवतं आणि कुठं थांबवतं हा आहे. जुन्या परंपरांनी या प्रश्नाचं उत्तर फार विचारानं दिलेलं दिसतं.

हादगा घ्या. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हत्तीचं चित्र मांडून मुली फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. आवडलेलं गाणं जास्त वेळा म्हणायचं तर पुढच्या दिवसाची वाट पाहायची आणि नवं गाणं आणल्याशिवाय पुढचा दिवस पुरा होत नाही. पुनरावृत्ती आणि नवलाई यांचं प्रमाण इतक्या साध्या नियमानं बांधलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. बर्लाइनचा आलेख या मुलींनी अंगणात आधीच आखून ठेवला होता म्हणायचा. घाटाखाली खानदेशात आणि तिकडं विदर्भात हाच काळ भुलाबाईचा. भाद्रपद पौर्णिमेला भुलोजी-भुलाबाई बसतात, मांडीवर गणपती असतो, आणि कोजागरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात. गाण्यांचा विषय वरवर सासर-माहेर. पण रचना पाहिली तर त्यात नाट्य ठासून भरलेलं असतं. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू तिला सासऱ्याकडं धाडते, सासरा दिराकडं, दीर नणंदेकडं, आणि परवानगीची फाईल घरभर फिरून पुन्हा सासूच्या टेबलावर येते. सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या माणसाला हे गाणं कळायला लोकसाहित्याचा अभ्यास लागत नाही. शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. गोड की तिखट, वाजते की नाही, असे सवाल झडतात आणि कार्यक्रम संपतो. गाणी मुद्दाम साखळीसारखी असतात. मागच्या ओळीचा शेवट पुढच्या ओळीला धरतो, म्हणून लहान मुलीलाही पाठ होतात आणि एखादी कडी मध्येच बदलून आपल्या गल्लीतल्या माणसाचं नाव घालता येतं. अशा गाण्याचं ध्वनिमुद्रण लावलं तर ते पोकळ वाटतं यात नवल नाही. त्यातली बदलण्याची जागा मुद्रणात गोठून जाते.

याच भागातल्या तांड्यांवरचं मेरा हे गाणं तर वर्षातून एकाच रात्रीचं. दिवाळीच्या अमावास्येला लग्न न झालेल्या मुली दिवा हाती घेऊन तांड्यातल्या प्रत्येक घरी जातात आणि घरातल्या माणसांना बंजारांच्या गोरबोलीतून, नात्याच्या हाकेनं, मेरा म्हणतात. घर तेवढे श्रोते, दार तेवढे रंगमंच. त्यात मागणं आहे, आशीर्वाद आहे, आणि पुढच्या दिवाळीला आपण या तांड्यात असू की सासरी, ही जाणीवही मागं उभी असते. होळीच्या आधीच्या दिवसांत त्याच तांड्यावर पुरुष डफावर लेंगी म्हणतात; एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, हे रात्र चढेपर्यंत चालतं. महाराष्ट्रातल्या दिवाळीच्या गाण्यांचा विषय निघाला की मेराचं नाव कुणी घेत नाही. शहरातली दिवाळी पहाट मात्र सगळ्यांना ठाऊक असते. दिवाळी पहाटेला मी नावं ठेवत नाही, पण तिथली निम्मी गाणी दिवाळीची नसतातच, ती आवडत्या भावगीतांची मैफल असते. दिवाळीचं म्हणून असलेलं गाणं हवं असेल तर ते अमावास्येच्या रात्री तांड्यावर आहे.

गोंधळाचंही तेच. संबळ, तुणतुणं, झांज आणि पोत यांच्या सोबतीनं गोंधळी आधी देवदेवतांना गावांच्या नावानिशी बोलावतो, मग आख्यान लावतो, आणि ते रंगात आलं की पहाट होते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर अशी स्थळं घेत जाणारं ते आवाहन म्हणजे महाराष्ट्राच्या भक्तीचा नकाशा असतो. चित्रपटानं यातले ताल आणि हाका घेतल्या. ‘जोगवा’ला संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगीच नाही, अजय-अतुल यांचं ते काम ताकदीचं आहे. पण चार-पाच मिनिटांत आवाहन आणि कळस दोन्ही उरकायचे म्हटल्यावर आख्यान गळणारच, आणि गोंधळाचा जीव आख्यानात आहे. एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी हाच गोंधळ, हाच जोगवा भारुडात आणला तेव्हा त्यांनी उलटी वाट धरली होती. ओळखीचं सोंग घेतलं आणि त्यात विकारांवरचा, भेदांवरचा नवा आशय भरला. ऐकणारा सोंगाला हसत असतानाच आशय गळी उतरतो. म्हणून नवरात्रात काय ऐकावं असं कुणी विचारलं तर मी आधी एकनाथी भारूड सांगेन, ते बसून ऐकायची तयारी असेल तर.

आता खरा अवघड आक्षेप. जी गाणी प्रसंगाला बांधलेली, त्यांचा प्रसंगच गेला तर काय करायचं? जात्यावरच्या ओव्या हे याचं ढळढळीत उदाहरण. विजेची गिरणी आली, पहाटेचं दळण गेलं, आणि ओवी म्हणायचं कारणच संपलं. गिरणी आली ते चांगलंच झालं. दोन-दोन तास जातं ओढून झिजलेल्या बायकांच्या खांद्यांची किंमत मोजून गाणी टिकवावीत असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. पण ओव्या गेल्या नाहीत, कारण काहींनी वेळेवर त्या उतरवून घेतल्या. साने गुरुजींचा ‘स्त्री जीवन’ हा संग्रह, सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले खंड, आपल्याच भागात प्रभाकर मांडे यांनी केलेलं लोकसाहित्याचं काम. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी चालवलेला ओव्यांचा संग्रह. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या गटानं जमवल्या, बेर्नार बेल यांच्या मदतीनं कित्येक गायिकांचे आवाज मुद्रित केले, आणि 2017 पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या शब्दांसह, अर्थासह, गाणाऱ्या बाईच्या नाव-गावासह लोकांपुढं ठेवतंय. मराठवाड्यातल्या बायकांचे आवाज त्यात मोठ्या संख्येनं आहेत. या ओव्यांत भावाचा विषय इतका पसरलेला आहे की, भाऊबीजेसाठी वेगळं गाणं शोधायची गरज पडू नये: मुऱ्हाळी येणार म्हणून वाट पाहणारी बहीण, आलेल्या भावाला काय वाढू या विवंचनेतली बहीण, भावजयीच्या तोऱ्यावर बोट ठेवणारी बहीण. दोन-दोन ओळींत पुरं घर उभं राहतं. इथं ध्वनिमुद्रण हा दुय्यम पर्याय नाही, तोच एक पर्याय आहे, आणि त्यात शब्द ऐकू येतात, ही त्याची मोठी गुणवत्ता.

यावर एक अप्रामाणिक सुटका मला करून घ्यायची नाही. लोकगीत म्हटलं की ते चांगलंच, असं मुळीच नाही. भुलाबाईच्या गाण्यांत रटाळ भर पुष्कळ असते, सुनेच्या छळाची थट्टा आज ऐकताना काही ठिकाणी कडू लागते, आणि लोककला महोत्सवात रंगीत फेटे घालून सादर होणारा गोंधळ कर्ण्यावरच्या गाण्याइतकाच साचेबद्ध असू शकतो. उलट चित्रपटगीतांत अस्सल माल असतो. ‘अष्टविनायक’मध्येच वसंतराव देशपांडे आणि अनुराधा पौडवाल यांनी गायलेली शान्ताबाईंची गणेशवंदना शांत खोलीत, पूर्ण, एकदाच ऐकून पाहा, ताना जागच्या जागी दिसतात, आणि मंडपात वर्षानुवर्षं जे कानावरून गेलं ते हेच गाणं का, असा प्रश्न पडतो. तेव्हा तिथीनं शोधा म्हणण्याचा अर्थ जुनं तेवढं घ्या असा नाही. प्रसंग ही चाळणी आहे. तिच्यातून खाली येईल त्याची पारख नंतर कानानं करायचीच आहे.

आणि कर्ण्याचाही एक मोठा न्याय आहे, तो नाकारून चालणार नाही. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही त्यांचा आवाज गावभर पोचवला तो ध्वनिक्षेपकानं आणि कॅसेटनं. वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी हजारो गीतं रचली, गावोगाव जाऊन गायली. प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज तर भीमगीतातही तितकाच आणि विठ्ठलाच्या, गणपतीच्या गाण्यातही तितकाच आपला वाटतो. मराठवाड्यात 14 एप्रिलच्या रात्री ही गाणी मोठ्यानं वाजतात त्यामागं केवळ हौस नाही, इतिहास आहे. पण याच उदाहरणानं माझा मुद्दा पक्का होतो असं मला वाटतं. वामनदादांची गाणी शब्दांसाठी रचलेली आहेत. त्यांच्या काळी माईक होता तो शब्द शेवटच्या माणसापर्यंत जावा म्हणून. आज त्यांच्याच चालीचा ठोका वाढवून शब्द बुडवला जातो तेव्हा नुकसान होतं ते आधी वामनदादांचं. यंत्र तेच, पण ते कशासाठी लावलंय यावर सगळं अवलंबून असतं. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या सुरुवातीच्या काळातले मेळेही असेच होते. 1890 च्या दशकात पुण्या-मुंबईकडं मुलांचे मेळे दरवर्षी नवी, त्या वर्षीच्या घडामोडींवरची पदं बसवत, आणि ती इतकी कळत की, पुढं इंग्रज सरकारला त्यांच्यावर निर्बंध आणावेसे वाटले. डीजेच्या गाण्यातल्या आशयाची सरकारला अशी धास्ती सहसा वाटत नाही. तक्रार बहुतेक आवाजाचीच असते.

नवं गाणं मग येणार कुठून? परंपरा वेळ पडली तर नवा सणही सामावून घेते, याचा पुरावा मराठी नाताळात आहे. मिशनऱ्यांनी सुरुवातीला परदेशी चालींवर मराठी शब्द बसवले, ते कानाला परकेच राहिले. नारायण वामन टिळक (1861–1919) ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन या देशी साच्यांत ख्रिस्तभक्ती ओतली. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीता’त त्यांची पदं आजही मोठ्या संख्येनं आहेत. ती म्हणायला कुणाला वाद्यवृंद लागला नाही, टाळ-मृदंग पुरला. डिसेंबरात दुकानातून वाजणाऱ्या इंग्रजी घंटानादाऐवजी मराठी नाताळ ऐकायचा असेल तर नगर-जालन्याकडच्या जुन्या मंडळ्यांच्या उपासनेत तो ऐकता येतो.

व्यवहारात याचा उपयोग असा. शोधताना ‘नवरात्र गाणी’ लिहू नका. ‘भुलाबाई’, ‘आराधी’, ‘मेरा’, ‘कानबाई’ असं लिहा आणि सोबत तालुक्याचं नाव घाला. कार्यक्रमाचं भव्य चित्रीकरण वर येईल, ते ओलांडून खाली गेलं की अंगणात कुणीतरी मोबाईल धरून घेतलेलं, मध्येच कुत्रं भुंकणारं, हसण्यानं तुटणारं चित्रीकरण सापडतं. बहुधा तेच ऐकण्याजोगं असतं. तांड्यावर मेरा ऐकायला जायचं तर ओळख काढून जावं, आधी विचारून मगच मोबाईल बाहेर काढावा. घाटाखाली कुणी पाहुणे असतील तर श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडं कानबाई बसते का ते विचारावं. रात्रभर अहिराणी गाणी चालतात आणि पाहुण्याला परतायची घाई करू देत नाहीत, तेव्हा दुसऱ्या दिवशी विसर्जन आटोपेपर्यंत तरी सुट्टी काढलेली बरी.